जेरोनिमो आणि अडवलेली पहाट : एका ऐतिहासिक फँटसीचा आराखडा, शंका आणि एक तुकडा

रानवाटकरी

मंडळी, एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. पूर्ण होण्याआधीच इथल्या इतिहासवाल्यांनी ती ठोकून बघावी, म्हणून हा धागा.

विषय जेरोनिमो, अमेरिकी सैन्याशी लढलेला अपाची टोळीवाला. नाव घेतलं की घोडा, रायफल आणि ॲरिझोनाचे डोंगर डोळ्यांपुढे येतात. पण एप्रिल १८७७ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ओहो कालिएन्तेला सरकारचा अपाचींवरचा एजंट जॉन क्लमने त्याला बेड्या ठोकल्या, तिथपासून फेब्रुवारी १९०९ मध्ये तो ओक्लाहोमात वारला तिथपर्यंतचा हिशेब मांडा. बत्तीस वर्षांपैकी जेमतेम पाच-सहा वर्षं तो फरार होता. बाकी सगळं आयुष्य सरकारी शिध्यावर आणि मोजणीच्या रांगेत गेलं. लढायांवर लिहिणारे ढिगाने आहेत, मला त्या रांगेवर लिहायचंय.

काळ निवडलाय मे १८८४ ते मे १८८५. अमेरिकी सैन्याच्या जनरल क्रुकने मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे डोंगरांतून परत आणलेले चिरिकाहुआ शाखेचे अपाची, साधारण पाचशे माणसं, ॲरिझोनात फोर्ट अपाचीजवळ टर्की क्रीकला वसवली होती. पाइनचं रान, वाहतं पाणी, शिकार. देखरेखीला लेफ्टनंट ब्रिटन डेव्हिस, वय चोविशीच्या आसपास.

आता फँटसी. ड्रॅगन नाहीत, पोर्टल नाहीत. जेरोनिमोबरोबर मोहिमेवर असलेल्या एका अपाचीने पुढे सांगून ठेवलंय की एकदा उघड्या माळावरून जायचं होतं आणि डोंगर ओलांडायच्या आत उजाडलं तर शत्रूला दिसलो असतो. जेरोनिमोने गाणं म्हटलं आणि रात्र दोन-तीन तास लांबली. सांगणारा म्हणतो, मी स्वतः पाहिलं. मी ते जसंच्या तसं खरं धरतो. कथेत अद्भुत म्हणून एवढंच: हा माणूस पहाट अडवू शकतो. आणि आता तो अशा ठिकाणी आणून बसवलाय जिथे माणसं मोजली जातात, शिधा वारावर मिळतो आणि सगळा कारभार एका लेफ्टनंटच्या खिशातल्या घड्याळावर चालतो.

शंका दोन. ही शक्ती त्यांच्या लेखी नेमकी कशी चालते? आणि त्या वर्षभरात असं काय घडलं की जे कथेत आलंच पाहिजे?

वाचनमात्र_वामन

पहिल्या बाकावर बसलोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खवट_खानोलकर

कल्पना झकास, पण सुरुवातीलाच दोन खुंट्या ठोकून घ्या.

एक, जेरोनिमो हा टोळीप्रमुख नव्हता. वारसाने प्रमुख होता नायचे, जुना प्रमुख कोचीसचा धाकटा मुलगा. जेरोनिमो मांत्रिक-वैद्य आणि लढाईतला म्होरक्या. लोक त्याच्यामागे जात ते त्याच्या शक्तीवर भरवसा होता म्हणून, आणि भरवसा उडाला की जात नसत. टर्की क्रीकला तर लोकोसारखे प्रमुख त्याच्या नावाने बोटं मोडत. तेव्हा 'सर्वांचा लाडका नेता' नको. वस्तीतल्या निम्म्या माणसांना हा म्हातारा आपल्याला पुन्हा गोत्यात आणणार असंच वाटत होतं, आणि ते खोटंही ठरलं नाही.

दोन, रिझर्वेशन आणि कैद यांची गल्लत करू नका. सान कार्लोस आणि टर्की क्रीक हे रिझर्वेशन, म्हणजे सरकारने टोळ्यांना नेमून दिलेला मुलूख. सप्टेंबर १८८६ नंतर फ्लोरिडा, अलाबामा आणि १८९४ पासून ओक्लाहोमातलं फोर्ट सिल, तिथे हे लोक कागदोपत्री युद्धकैदी होते. थेट १९१३ पर्यंत. म्हणजे फोर्ट सिलला जन्मलेलं तान्हं पोरसुद्धा युद्धकैदी! यापुढे तुमची फँटसी काय करणार ते बघायचंय.

अरुंधती_जो

शक्तीबद्दल. सुपरहिरोची शक्ती म्हणजे माणसाच्या मालकीचं हत्यार. चिरिकाहुआंमध्ये तसं नाही. शक्ती आपणहून माणसाकडे येते, प्राण्याच्या, विजेच्या, झाडाच्या रूपात. ती बोलते, गाणी आणि विधी देते, अटी घालते. रुसते, सोडूनही जाते. अपाची प्रमुख व्हिक्टोरिओची बहीण लोझेन हात पसरून गोल फिरायची आणि शत्रू ज्या दिशेला असेल तिकडे तळवे झिणझिणायचे, असं तिच्याबरोबरची माणसं सांगत. १८८० मध्ये मेक्सिकोत त्रेस कास्तियोसला व्हिक्टोरिओ मारला गेला तेव्हा लोझेन तिथे नव्हती, आणि ती असती तर तसं झालं नसतं असं तिचे लोक मानत.

दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे. शक्ती कधीकधी मोबदला मागते, आणि तो जवळच्या माणसाच्या जिवाचा असू शकतो. फोर्ट सिलला जेरोनिमोची बायकामुलं, नातवंडं एकामागून एक क्षयाने गेली तेव्हा कुजबुज होती की हा स्वतःचं आयुष्य लांबवायला घरची माणसं देतोय. 'जादूची किंमत' हे प्रकरण बहुतेक लेखक बाहेरून आणून चिकटवतात, इथे ते त्यांच्याच समजुतीत तयार आहे. फक्त जपून वापरा, ही खऱ्या माणसांची मेलेली मुलं आहेत.

आणि गाण्याचे शब्द लिहू नका. गाणं ज्याला मिळालं त्याचं असतं. तुम्ही रचलेल्या चार ओळी तिथे खोट्याच वाटतील.

सोनोरन_पुणेकर

फीनिक्समधून लिहितोय. मी असतो तर कथा सान कार्लोसला घडवली असती. फीनिक्सच्या पूर्वेला गाडीने गेलं की ग्लोबच्या पुढे ते रिझर्वेशन लागतं. उन्हाळ्यात दुपारचा पारा सहज चाळिशी गाठतो, हिला नदीकाठची रेताड जमीन, धूळ. सैनिक त्या जागेला नरकाचे चाळीस एकर म्हणत. डोंगरातल्या माणसांना १८७६-७७ मध्ये तिथे आणून कोंबलं, तेही आपसात न पटणाऱ्या टोळ्या एकत्र. का, तर एकाच ठिकाणी सगळे ठेवले की खर्च कमी.

आणि गंमत अशी की जुनी एजन्सी, म्हणजे एजंटची कचेरी आणि वस्ती, आज दिसतच नाही. १९३० मध्ये कूलिज धरण झालं आणि ती सगळी सान कार्लोस जलाशयाखाली गेली. तिथलं दफनस्थान उकरायला अपाचींनी विरोध केला, मग पाणी चढायच्या आधी त्यावर काँक्रीटची लादी ओतली. उद्घाटनाला माजी राष्ट्राध्यक्ष कूलिज आले होते तेव्हा तळ्यात पाण्यापेक्षा गवत जास्त होतं. विनोदवीर विल रॉजर्स म्हणाला, हे तळं माझं असतं तर मी कापून काढलं असतं.

फँटसीला याहून चांगली जागा कोणती?

रानवाटकरी

@सोनोरन_पुणेकर, मोह होतो, पण सान कार्लोसला दुःख इतकं ढळढळीत आहे की पहाट अडवायची गरजच पडत नाही. टर्की क्रीकला त्यांना तुलनेने बरं चाललं होतं. तिथून माणूस का पळतो हा प्रश्न मला जास्त छळतो. सान कार्लोस मागल्या आठवणीत येईल. शिधा-कंत्राटदारांची तऱ्हा तर येईलच: वजनकाट्यावर आणायच्या आधी तहानलेले बैल हिला नदीवर पोटभर पाजायचे, म्हणजे सरकार बैलाच्या भावाने नदीचं पाणी विकत घेणार.

ढवळ्यापवळ्या

गुरांचा विषय निघालाच आहे तर मार्च १८८४ चं प्रकरण घाला. हे मी कुणालाही सांगितलं की आधी थाप समजतात.

जेरोनिमो मेक्सिकोतून परत आला तो एकटा नाही, साडेतीनशे चोरीची गुरं हाकत आला. रिझर्वेशनवर शेतकरी व्हायचं ना, मग हे भांडवल! सरहद्दीवर घ्यायला गेलेला डेव्हिस हबकलाच. गुरं दमलेली, त्यामुळे चाल मुंगीच्या पावलाने. सल्फर स्प्रिंग्जच्या रँचवर मुक्काम पडला आणि तिथे दोन साहेब हजर: एक कस्टम्सचा कलेक्टर, दुसरा मार्शल. म्हणाले, जकात न भरता माल आणलाय, आणि जेरोनिमोला आम्ही खुनासाठी अटक करणार. उद्या सकाळी माणसं गोळा करतो, तू साक्षीदार म्हणून इथून हलायचं नाहीस.

अटक करायला गेले असते तर तिथेच रक्ताचे पाट वाहिले असते. नशिबाने संध्याकाळी डेव्हिसचा वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला दोस्त लेफ्टनंट ब्लेक फोर्ट बोवीहून आला, व्हिस्की घेऊन. साहेबांना भरपूर पाजली, ते रँचच्या ओसरीवर आडवे झाले. डेव्हिसने जेरोनिमोला सांगितलं, आत्ताच निघा, हा ब्लेक तुम्हाला नेईल. तो अडून बसला, गुरं दमलीत म्हणे. मग डेव्हिसने त्याला डिवचलं: साहेबांना जाग न येता एवढा कळप हलवणं तुम्हा लोकांना जमायचं नाही म्हणा! म्हातारा गालात हसल्यासारखा झाला आणि गडी तयार.

सकाळी साहेब उठले तर अंगणात एकटा डेव्हिस खोक्यावर बसलेला, शेजारी त्याचं खेचर. बाकी माणूस नाही, घोडा नाही, साडेतीनशे गुरांतलं एक शेपूट नाही. कलेक्टर दुर्बीण घेऊन छपरावर चढला. मैलोन्‌मैल सपाट खोरं आणि काही नाही.

पुढे क्रुकने ती गुरं जप्त करून विकली आणि सतराशे डॉलरच्या वर रक्कम मेक्सिकन मालकांना पोचवली. न्याय म्हणून बरोबरच. पण जेरोनिमोच्या मनात ते कायमचं सललं: शेती करा म्हणता आणि पहिल्याच दिवशी बैल काढून घेता.

खवट_खानोलकर

+१. यात जादू घालायला गेलात तर प्रसंग पडेल.

मीनल_वाचते

बायका कुठे आहेत या आराखड्यात?

टर्की क्रीकच्या शेतीचा एक प्रसंग डेव्हिसने लिहून ठेवलाय. जेरोनिमो मोठ्या कौतुकाने तळहातावरचा फोड दाखवायला आला, बघ मी किती राबतोय. डेव्हिस पाहणीला गेला तर हे महाशय झाडाच्या सावलीत बसलेले, एक बायको वारा घालतेय आणि बाकीच्या त्या पाव एकर तुकड्यात खुरपताहेत. चार मरतुकडे मक्याचे कोंब. हे कथेत यायलाच हवं, नाहीतर तुमचा नायक देव होईल.

आणि दुसरं गंभीर. मे १८८५ चा भडका, ज्यात जेरोनिमो टर्की क्रीकहून पळाला, दोन बंदींवरून उडाला. एक तिझविन, म्हणजे मक्याची घरगुती दारू. दुसरी, बायकोला मारण्यावर बंदी. व्यभिचाराचा आळ आला की बाईचं नाक कापायची चाल होती, क्रुकने तीही बंद केली. पुरुष प्रमुख डेव्हिसच्या तंबूसमोर येऊन म्हणाले की आम्ही युद्ध न करण्याचं कबूल केलं होतं, घरात कसं वागायचं हे तुम्ही सांगायचं ठरलं नव्हतं. आजची वाचक म्हणून मला या वाक्यापाशी अडखळायला होतं. सरकार जुलमी होतं आणि या एका बाबतीत त्या वस्तीतल्या काही बायकांना त्याचा आधारही होता. दोन्ही एकदम लिहिता आलं तर लिहा. नाक नसलेल्या बाईच्या नजरेतून एक प्रकरण हवं. तिच्यासाठी पहाट कुणी अडवली होती?

रानवाटकरी

हा शेवटचा प्रश्न मी वहीत लिहून घेतला आहे. ते प्रकरण होणार.

घड्याळजी

रेल्वेवेडा असल्यामुळे राहवत नाही. तुमच्या कथेच्या सहा महिने आधी अमेरिकेत काय झालं ठाऊक आहे? १८ नोव्हेंबर १८८३ ला भर दुपारी तिथल्या रेल्वे कंपन्यांनी देशभरचं घड्याळ बदललं. तोवर प्रत्येक गावाचं दुपारचे बारा वेगळे, सूर्य डोक्यावर आला की बारा. त्या दिवसापासून चार-पाच पट्टे आखले आणि सूर्य कुठेही असो, पट्ट्यात एकच वेळ. म्हणजे ज्या हिवाळ्यात जेरोनिमो मेक्सिकोतून परत यायच्या वाटेवर होता, त्याच हिवाळ्यात गोऱ्यांनी सूर्याला विचारायचं सोडून दिलं होतं. तुमचा नायक पहाट दोन तास लांबवतो, रेल्वे कंपन्यांनी एका दुपारीत अख्ख्या खंडाची दुपार हलवली. शक्ती कुणाची मोठी?

वाचनमात्र_वामन

घड्याळजी, दंडवत.

अरुंधती_जो

संवादांसाठी दोन सूचना आणि मग गप्प बसते. मेलेल्या माणसाचं नाव ते घेत नाहीत. १८७४ मध्ये गेलेल्या कोचीसचा उल्लेख 'नायचेचा बाप' असाच यावा. आणि कोयोटीच्या, म्हणजे तिथल्या रानकोल्ह्याच्या, गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, तेव्हा उन्हाळ्याच्या प्रसंगात शेकोटीभोवती त्या घालू नका.

रानवाटकरी

सगळ्यांचे आभार. मध्यंतरी एक तुकडा लिहून झालाय, खाली देतो. प्रसंग कल्पित आहे, माणसं खरी. ऑगस्ट १८८४.

*

मोजणीच्या आदल्या रात्री पोरगा परत आला नाही. हद्दीपलीकडे हरणामागे गेला होता, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं आणि लेफ्टनंटला नव्हतं. सूर्य वर आला की बिल्ले तपासले जाणार, आणि एक बिल्ला कमी भरला की फोर्टाला तार जाणार.

म्हातारा ओढ्याच्या वरच्या खडकावर जाऊन बसला. खाली झोपड्यांतल्या बायकांनी गाणं ऐकलं आणि पोरांना पांघरुणात ओढून घेतलं. चाटोनेही ऐकलं. तो अपाचीच, पण आता सैन्याच्या स्काउटांत सार्जंट होता, सरकारी कोट घालत होता. तो उठला, शेकोटीत एक लाकूड सरकवलं आणि पुन्हा बसला.

साडेपाचला लेफ्टनंट तंबूबाहेर आला. अंधार. घड्याळ काडीच्या उजेडात पाहिलं, कानाला लावलं. चालू होतं. स्वयंपाक्याने कॉफी उकळली, ती प्यायली गेली. सहा वाजले. सप्तर्षी होते तिथेच होते. खेचरं अस्वस्थ होऊन दावणीला खुर आपटू लागली. सव्वासहाला दुसऱ्यांदा कॉफी.

"ढग आलेत का रे?" त्याने दुभाष्याला विचारलं.

मिकी फ्रीने आपला एकुलता डोळा वर केला. आभाळात तारे खच्चून भरले होते. "तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

सात वाजता लेफ्टनंटने कंदील मागवला, गुडघ्यावर वही घेतली आणि हवामानाच्या रकान्यात लिहिलं: ढगाळ. मग थोडा वेळ लेखणी तशीच धरून बसला. वेस्ट पॉइंटला तोफा, नकाशे, फ्रेंच भाषा सगळं शिकवलं होतं. न उजाडल्यास कोणता रकाना भरायचा हे शिकवलं नव्हतं.

साडेसातला ओढ्याच्या बाजूने पोरगा आला. खांद्यावर हरीण नव्हतं, पायाला चिखल होता. रांगेच्या जागी जाऊन उभा राहिला आणि गळ्यातला बिल्ला सदऱ्याबाहेर काढला. खडकावरचं गाणं थांबलं.

उजाडलं ते एकदम, नेहमीची तांबूस वेळ गाळून. माणसं डोळे चोळत बाहेर आली. मोजणी बरोबर भरली. शेवटच्या माणसाशी पोचल्यावर लेफ्टनंट थबकला, कारण म्हातारा उभ्या उभ्या डुलत होता आणि एका रात्रीत पाच वर्षांनी थकलेला दिसत होता.

"बरं नाही का?"

"झोप झाली नाही," मिकी फ्रीने भाषांतर केलं.

त्याच दुपारी फोर्ट अपाचीच्या भांडारात एक मागणीपत्र पोचलं: घड्याळ एक, दुरुस्तीस.

*

खवट_खानोलकर

'ढगाळ' आवडलं. सरकारी माणूस चमत्कारासमोर दुसरं काय करणार? एक तक्रार: गाणं कुणासाठी म्हटलं ते वाचकाला लगेच कळतं, पण चाटो आणि जेरोनिमो यांचं वैर आधी आलं पाहिजे. जेरोनिमोला चाटो आणि मिकी फ्री या दोघांचा मनस्वी राग होता, आपल्याविरुद्ध लेफ्टनंटचे कान हेच भरतात असं तो मानायचा. ते माहीत असेल तर चाटोचं गप्प बसणं वजनदार होईल.

मीनल_वाचते

पोरगा मोकळ्या हाताने परत आला हे बरं केलंत.

म्हातारा थकतो, तिथे मात्र अरुंधती_जो यांनी सांगितलेल्या मोबदल्यातून पळवाट काढल्यासारखी वाटते. किंमत त्याने स्वतः मोजली तर तो सोपा नायक होतो.

रानवाटकरी

@मीनल_वाचते, तो थकवा लेफ्टनंटला दिसलेला आहे. खरी वसुली वस्तीला चार प्रकरणांनंतर कळेल. कुणाच्या घरातून होते ते आत्ता सांगत नाही.

@खवट_खानोलकर, चाटोचं प्रकरण आधीच घेतो.

ढवळ्यापवळ्या

शेवट कुठे करणार? स्केलेटन कॅन्यनला, ४ सप्टेंबर १८८६ च्या त्याच्या शरणागतीपाशी?

रानवाटकरी

नाही. मे १८८५.

१५ मे ला प्रमुखांनी तिझविन प्यायल्याचं डेव्हिससमोर येऊन सांगितलं, आता कर काय करतोस ते, अशा थाटात. त्याने क्रुकला तार केली. ती वरिष्ठामार्फतच जायला हवी, म्हणून सान कार्लोसला कॅप्टन पियर्सकडे गेली. पियर्स नवा. त्याने स्काउटांचा, म्हणजे सैन्याच्या अपाची वाटाड्यांचा, मुरब्बी प्रमुख अल सीबरला उठवून दाखवली. सीबर आदल्या रात्रीची उतरवत झोपला होता. म्हणाला, तिझविनचं नेहमीचं आहे, डेव्हिस बघून घेईल. तार फायलीत गेली. क्रुकला ती कित्येक महिन्यांनी दिसली. उत्तर येत नाही म्हणजे सैन्य येतंय, असा टर्की क्रीकला अर्थ लावला गेला. १७ मे च्या रविवारी डेव्हिस फोर्ट अपाचीला तारेची वाट बघत एका बेसबॉल सामन्यात पंच म्हणून उभा होता, तेव्हा बातमी आली: जेरोनिमो, नायचे, म्हातारा अपाची म्होरक्या नाना आणि शंभराच्या वर माणसं, बहुतेक बायकापोरं, निघून गेली. त्याने तार करायला धाव घेतली तर लाइन बंद. तार कापून दोन टोकं चामड्याच्या वादीने बांधली होती, तीही झाडाच्या फांद्यांत, म्हणजे खालून बघणाऱ्याला अखंड दिसावी. तुटलेली जागा सापडायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

कथा त्या वादीच्या गाठीपाशी थांबते. जो माणूस वर्षभर पहाट अडवत होता तो शेवटी तार अडवतो, गाण्याशिवाय.

अरुंधती_जो

हे मला पटतंय. शक्ती आहे म्हणून तो सुरी-वादी वापरायची विसरत नाही.

खवट_खानोलकर

मला नाही पटत. फोर्ट सिलचं एक तरी प्रकरण हवंच. १८९८ मध्ये ओमाहाच्या प्रदर्शनाला त्याला रेल्वेने नेलं तेव्हा स्टेशनास्टेशनावर लोक त्याला बघायला लोटत. हा कोटाची बटणं तोडून पंचवीस सेंटला एक विकायचा, आणि गाडी सुटली की पिशवीतली नवी बटणं काढून कोटाला शिवायला बसायचा. पुढल्या स्टेशनावर पुन्हा विक्री. मार्च १९०५ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या शपथविधीच्या मिरवणुकीत घोड्यावर बसून गेला, आणि काही दिवसांनी भेट मिळाली तेव्हा एकच मागणं मागितलं, ॲरिझोनाला परत जाऊ द्या. रूझवेल्टने नाही म्हटलं. युद्धकैदी राहून स्वतःची सही, टोपी, बटणं विकणारा माणूस सोडून तुम्ही १८८५ ला गाशा गुंडाळणार?

घड्याळजी

आणि ती गाडी रेल्वेच्या प्रमाणवेळेवर धावत होती, हेही लक्षात घ्या.

रानवाटकरी

@खवट_खानोलकर, बटणांचं प्रकरण तुम्हीच लिहा आणि याच धाग्यावर टाका. माझ्या कथेच्या नियमांत बसलं तर पुरवणी म्हणून जोडतो. अट एकच, गाण्याचे शब्द नाहीत.

खवट_खानोलकर

लिहितो. पण माझ्यात पहाट अडवणं वगैरे काही नसेल, पिशवीतली बटणं संपत नाहीत एवढंच.